लहान झालेले झबले

जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेले बाळ वर्षभरात ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. गेल्या ईदला हौसेने घेतलेला कुर्ता-पायजमा या ईदला अंगात शिरत नाही. गोडदेवच्या चाळीत काय किंवा इमारतीत काय, लहान घराच्या माळ्यावर अशा कपड्यांचे गाठोडे असतेच. ते टाकवत नाहीत, वापरताही येत नाहीत. मग रमजानच्या शेवटी आवराआवर निघते आणि तुटक्या बटणांचे, विटलेले, डागाळलेले सारेच ‘गरिबांना’ म्हणून दाराबाहेर जाते.

याला दान म्हणावे का? कुरआनातील अल-बकरा सूरेची २६७वी आयत याबाबत स्पष्ट आहे. जे स्वतःला दिले तर डोळे झाकूनच घ्यावे लागेल, असे निकृष्ट दुसऱ्यासाठी काढू नये, असा तिचा आशय आहे.

खरे तर जुना कपडा बाळासाठी कधीच कमीपणाचा नव्हता. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते, म्हणून पहिली दुपटी आजीच्या मऊ लुगड्यातून निघत. थोरल्याचे झबले-टोपडे धाकट्याला, तिथून शेजारणीच्या बाळाला जाई. तिथे कोणी दाता नसे की याचक नसे. हिंदू घर असो वा मुसलमानाचे, ही रीत सारखीच होती.

ती पुन्हा धरता येईल. कपडे धुऊन उन्हात वाळवावेत, बटणे-नाड्या नीट कराव्यात, किती महिन्यांच्या बाळाचे आहेत याची चिठ्ठी लावावी. देण्याआधी विचारावे, ‘आमच्या बाळाला लहान झालेत, तुमच्याला होतील का?’ समोरच्या आईला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असावी. ओळखीत तान्हे बाळ नसेल तर ‘गूंज’सारख्या संस्था वापरण्याजोगे कपडे गरजूंपर्यंत नेतात. फाटके असेल ते गोधडीला किंवा पुसायला ठेवावे. एखादे झबले आठवण म्हणून जपले तरी बिघडत नाही.

फितरा तान्ह्या बाळाच्या वतीनेही काढतात आणि तो ईदच्या नमाजाआधी पोहोचवतात, म्हणजे सणादिवशी कोणाला हात पसरावा लागत नाही. कपड्यांनाही तोच हिशेब लावावा. चांदरातीची वाट न पाहता ते आठवडाभर आधी दिले, तर त्या घरच्या आईला ईदसाठी बाळाच्या कपड्यांची चिंता राहणार नाही.