शतपावली हॉटेलच्या आवारातच

रात्रीचं जेवण झालं की पाय मोकळे करायला बाहेर पडायचं, ही आपली जुनी सवय. जोहान्सबर्गला जाणार असाल तर तेवढे दिवस ती सोडा. पाहायचे असतात क्रूगरचे सिंह आणि केपटाऊनचा टेबल माउंटन, पण विमान बहुधा जोहान्सबर्गला उतरतं. निघण्याआधी एक जण सांगतो, "तिथे हॉटेलबाहेर पाऊलच टाकू नका." दुसरा म्हणतो, "अहो, आपण मुंबईच्या लोकलमधून फिरणारी माणसं, आपल्याला कोण लुटणार!" दोघांचंही ऐकू नका.

लोकलमध्ये आपण शिकलो ते खिसेकापूपासून जपायला. तो बिचारा आपल्याला कळू नये म्हणून धडपडत असतो. जोहान्सबर्गचा लुटारू समोर येऊन मागतो आणि त्याच्याकडे पिस्तूल असू शकतं. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या एका वर्षात २७ हजारांहून जास्त खून नोंदले गेले. भारतात २०२२ मध्ये साधारण तेवढेच झाले; पण आपण १४० कोटी आणि ते जेमतेम ६ कोटी. यात मरतात ते मुख्यतः तिथलेच लोक, त्यातही गरीब वस्त्यांमधले. पर्यटकाच्या वाट्याला बहुधा येते ती लूट, आणि ती ठरावीक जागी, ठरावीक वेळी होते. विमानतळावरून निघताना, सिग्नलला गाडी थांबल्यावर, एटीएमपाशी, गाडीतून उतरून दारापर्यंत जाताना. तेवढे क्षण सांभाळले की बाकीचा दिवस मजेत जातो.

सुरुवात ओ. आर. टांबो विमानतळापासून. आगमन कक्षात उभं राहून डॉलरची पुडकी मोजू नका. कोणी पैसे बदलले यावर नजर ठेवून, त्या गाडीचा हॉटेलपर्यंत पाठलाग करून लुटल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत. फॉरेक्स कार्ड न्या, हाताशी थोडेच रँड ठेवा. "मदत करू का" म्हणत ट्रॉलीला हात घालणाऱ्याला हसून नाही म्हणा. दिवसा उतरलात तर विमानतळातूनच गाउट्रेन ही जलद रेल्वे मिळते. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झालेली ही गाडी पंधरा-वीस मिनिटांत सँडटनला पोहोचवते. स्वच्छ आणि सुरक्षित आहे. फक्त आत खायला-प्यायला बंदी आहे, तेव्हा चिवड्याचा डबा बंदच ठेवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर हॉटेलची गाडी आधी ठरवा आणि चालकाचं नाव व गाडीचा नंबर मागून घ्या.

तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून बरेच जण उत्साहाने स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतात. घ्या, पण शहरात अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. काचा वर, दारं लॉक. मांडीवर पर्स नको, डॅशबोर्डवर मोबाइल नको, मागच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग तर नकोच. सिग्नलला गाडी थांबली की काच फोडून हाताला लागेल ते घेऊन पळणं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. सामान डिकीत ठेवायचं ते निघण्यापूर्वी. मुक्कामाला पोहोचल्यावर पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत डिकी उघडून ठेवलंत तर काय ठेवलं ते सांगितल्यासारखंच झालं. पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर राखून थांबा, म्हणजे वेळ आली तर बाजूने काढता येतं. गाडी रिमोटने बंद केल्यावर दाराची मूठ हाताने ओढून बघा. रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र घेऊन चोर जवळपास उभे असतात. आपण बटण दाबून निघून जातो आणि गाडी उघडीच राहते. निळा दिवा लावून कोणी थांबवायला लागलं आणि पोलिस खरे की खोटे अशी शंका आली, तर चारही इंडिकेटर लावून सावकाश जवळच्या पोलिस ठाण्यापर्यंत किंवा उजेडातल्या पेट्रोल पंपापर्यंत जा.

ॲपवरून टॅक्सी मागवलीत तर ती येईपर्यंत इमारतीच्या आतच थांबा आणि नंबर जुळला तरच बसा. एटीएम मॉलच्या आतलं वापरा. कार्ड अडकलं म्हणून सांगायला पुढे येणारा माणूस बँकेचा नसतो.

आता सोन्याचं. सहलीला निघताना मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या घालून जाणाऱ्या काकू-मावश्यांना हे रुचणार नाही, पण घरीच ठेवून जा. गळ्यात काहीच नसणं मनाला लागत असेल तर काळ्या मण्यांची साधी पोत घाला. इमिटेशनचा घसघशीत हार हा उपाय नाही, कारण खरं-खोटं पारखत बसायला लुटारूला वेळ नसतो. काकांच्या कमरेला बांधलेला पासपोर्ट-पैशांचा फुगीर पट्टाही लांबून दिसतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि खिशात त्याची झेरॉक्स, एवढं पुरे.

आणि तरीही गाठलंच कोणी, तर देऊन टाका. वाद नको, झटापट नको, आरडाओरडाही नको. हात दिसतील असे ठेवा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, सीटबेल्ट सोडायचा असेल तर सांगून, हळूच सोडा. गाडीत मूल असेल तर आधी तेवढंच स्पष्ट सांगा आणि त्याला काढून घ्या. घासाघीस करायची आपली हौस चर्चगेटच्या फुटपाथवर चालते. मी तर म्हणेन, थोड्या नोटांचं एक वेगळं पाकीट देण्यासाठीच जवळ ठेवा.

एवढं वाचून जोहान्सबर्ग टाळावं असं वाटलं असेल तर तो मोठा तोटा ठरेल. कॉन्स्टिट्यूशन हिलवरचा जुना तुरुंग बघा. १९०८ मध्ये गांधीजी तिथे कैदी होते, पुढे मंडेलाही. आणि त्याच आवारात आज देशाचं घटना न्यायालय उभं आहे. न्यूटाउनच्या हमीदिया मशिदीसमोर त्याच वर्षी १६ ऑगस्टला हिंदी लोकांनी नोंदणीपत्रांची होळी केली होती. सोवेटोतली विलाकाझी स्ट्रीट आहे, अपार्थाइड म्युझियम आहे. क्रिकेटवेड्यांना वाँडरर्स मैदान सांगायला नको. २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आपण तिथेच जिंकला. ही ठिकाणं दिवसा, माहितगार वाटाड्याबरोबर किंवा ठरवलेल्या गाडीने करा. हिलब्रो, बेरिया, जुबर्ट पार्क या भागांत मात्र एकट्याने हिंडू नका. कार्यालयं सुटली की जुन्या शहराचे रस्ते झपाट्याने ओस पडतात. दादरसारखी रात्री दहालाही गर्दी असेल अशी कल्पना करून जाऊ नका.

निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या: पोलिस १०१११, रुग्णवाहिका १०१७७, मोबाइलवरून ११२, शिवाय हॉटेलचा पत्ता आणि जोहान्सबर्गमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा फोन. मोबाइलच गेला तर त्यात साठवलेले नंबर काय कामाचे? चोरी झाली तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्याच. प्रवास विम्याचा दावा करताना आणि दूतावासात तो लागतो. पासपोर्ट गेला असेल तर भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावास देतो. त्यासाठी फोटो लागतात, तेव्हा पासपोर्ट आकाराचे चार-पाच फोटो आणि पासपोर्टची आणखी एक झेरॉक्स बरोबरच्या माणसाच्या बॅगेत टाकून द्या.