आकडा उतरला म्हणजे काय झाले?

महिना संपला की अपघातांचे पत्रक निघते, आणि गेल्या महिन्यापेक्षा मृत्यू कमी असले म्हणजे 'अपघातांत शेकडा पन्नास घट' असा मथळा दुसऱ्या दिवशी वाचावयास मिळतो. चाराचे दोन झाले म्हणजे घट शेकडा पन्नासच. गणितात चूक नाही. पुढच्या महिन्यात दोनाचे पाच होतात, तेव्हा शेकडेवारी कोणी काढीत नाही. त्या वेळी लोकांच्या बेशिस्तीवर एक परिच्छेद येतो आणि प्रकरण मिटते. तालुक्याच्या गावांतील ही रीत आमच्या वाचकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मासिक आकडा प्रसिद्ध करू नये असे आमचे म्हणणे नाही. तो झालाच पाहिजे. परंतु आज तो ज्या रूपाने बाहेर पडतो त्या रूपाने तो कोणास काही शिकवीत नाही, आणि ज्यांस जबाबदार धरावयाचे त्यांस मात्र सुखाने निसटू देतो, हे आज सांगावयाचे आहे.

बुलढाणे जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास जाणारी खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर उलटून पेटली, आणि आतील ३३ जणांपैकी २५ जण जळून मेले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस मलकापुरात महामार्गावर दोन बसगाड्यांची टक्कर होऊन आणखी सहा जण गेले. दोन घटना, एकतीस प्राण. आता केवळ मासिक आकड्यावर भिस्त ठेवणारा मनुष्य यातून काय अनुमान काढील? जुलै महिना या जिल्ह्यास घातक आहे असे म्हणेल काय? आणि ऑगस्टात आकडा पूर्वीच्या पातळीवर आला तर 'सुधारणा झाली' असे म्हणेल काय? दोन्ही अनुमाने सारखीच पोकळ आहेत. पंचवीस माणसे एका गाडीत होती म्हणून आकडा चढला. तशी गाडी पुढल्या महिन्यात पेटली नाही म्हणून उतरला. एरवी रोज ज्या रस्त्यांवर एकेक, दोन-दोन माणसे मरत होती ती तशीच मरत राहिली, आणि त्यांच्यासाठी मंत्री आले नाहीत की वर्तमानपत्रांनी पहिले पान दिले नाही. या शेवटच्या दोषात आम्हीही आलो.

त्या बसच्या अपघातानंतर जे घडले ते येथे नमूद करणे अवश्य आहे. अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र बसविण्याचा व मंत्रपाठाचा विधी झाला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. गुन्हा नोंदविला हे योग्यच झाले. यंत्र बसविणाऱ्यांस हसणारे सुशिक्षितही पुष्कळ निघाले. पण हसण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. समजा, यंत्रानंतर महिनाभर त्या जागी अपघात झाला नाही. तर यंत्रवाला म्हणणार, 'पाहा, गुण आला!' आणि एखाद्या नाक्यावर चार माणसे मेल्यानंतर तेथे 'वाहने सावकाश हाका' अशी पाटी लावणारा अधिकारी पुढील महिन्यात आकडा उतरल्यावर काय म्हणतो? तोच शब्द. एकाजवळ तांब्याचा पत्रा आहे, दुसऱ्याजवळ लोखंडाचा. अनुमानाची रीत एकच. फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा त्याहून बराच असतो, मग मध्ये कोणी मंत्र म्हणो, पाटी लावो, अगर स्वस्थ बसो.

हे निव्वळ वाक्चातुर्य नव्हे. याला संभवगणिताचा आधार आहे. कल्पना करा की एका गावाच्या हद्दीत वर्षास ४८ अपघात होतात, म्हणजे महिन्यास सरासरीने चार. रस्ता तोच, वर्दळ तीच, दिवे, पोलीस, दारूची दुकाने सारे जेथल्या तेथे, आणि एका अपघाताचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरीसुद्धा प्रत्येक महिन्यात चारच अपघात होतील असे कोणीही समजू नये. अशा गावी वर्षातून सुमारे एक महिना असा येणार की त्यात एक अपघात होईल किंवा एकही होणार नाही. आणि दोन वर्षांत एखादा महिना आठ किंवा त्याहून अधिकांचा येणार. पहिल्या महिन्यात अधिकाऱ्याचा सत्कार आणि दुसऱ्यात बदली, हा प्रकार म्हणजे सोंगटीच्या दानावरून खेळाडूचे शील ठरविण्यासारखा आहे. इतकेच नव्हे, तर वर्षाचे ४८ चे ४० झाले तरी तेवढ्यावरून रस्ता सुधारला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ४८ चे २४ झाले तर मात्र काहीतरी खरोखर घडले आहे असे मानावयास हरकत नाही.

मग लहान गावाने काय करावे? महिन्याची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी, आणि प्रत्येक पत्रकात सरलेल्या बारा महिन्यांची व तीन वर्षांची बेरीज द्यावी. आमच्या वऱ्हाडात तर हे विशेष अगत्याचे. मे महिन्यात लग्नसराई असते, वऱ्हाडाचे टेम्पो रात्री-बेरात्री धावतात. कापूस घरी आला की संध्याकाळच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या महामार्गावर येतात आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली जातो. मेची एप्रिलशी तुलना करणे म्हणजे लग्नघरच्या खर्चाची एकादशीच्या खर्चाशी तुलना करणे होय.

दुसरी गोष्ट मृत्यूच्या मोजणीची. अपघातापासून ३० दिवसांच्या आत जखमी दगावला तर तो अपघातातील मृत्यू धरावयाचा, असा सरकारी नमुन्याचा नियम आहे. आमच्या गावांतून डोक्यास मार लागलेला मनुष्य अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास हलवितात. तो तेथे बाराव्या दिवशी गेला, तर ती बातमी मूळ ठाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचावी लागते, आणि तोपर्यंत महिन्याचे पत्रक निघून गेलेले असते. 'जखमी' या सदरात ज्याची गणना झाली तो पुढे जगला की मेला, हे गावास कोणी सांगत नाही. तेव्हा मागील महिन्याचा आकडा पुढील पत्रकात दुरुस्त करून देणे, ही अगदी साधी मागणी आहे.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. वकिलीच्या धंद्यात अपघाताच्या फिर्यादी आम्ही पुष्कळ वाचल्या. नावे बदलतात, गाडीचा क्रमांक बदलतो, पण मधले वाक्य बदलत नाही: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व भरधाव वेगाने चालवून अपघात केला. पूर्वी हा मजकूर दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली जाई व शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली जातो व शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. शिक्षा वाढली, रस्त्याचे वळण मात्र होते तसेच राहिले. आरोपीच्या रकान्यात रस्ता कधीच येत नाही. दुभाजकातील बेकायदा फट, विझलेला दिवा, उंचवट्यामुळे समोरचे न दिसणारे वळण, शाळेसमोर पदपथ नसणे, यांपैकी कोणीही आजवर फौजदारी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले आम्ही पाहिले नाही.

याचेच प्रतिबिंब देशाच्या हिशेबात पडते. २०२२ साली हिंदुस्थानात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे रोजची साडेचारशेंहून अधिक. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील. अतिवेग हे कारण शेकडा ७१ हून अधिक मृत्यूंच्या नावावर मांडले आहे. वेग घातक आहे यात संशय नाही; सरासरी वेग शेकडा एकाने वाढला तर प्राणांतिक अपघाताचा धोका शेकडा चाराने वाढतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु हा अतिवेग मोजला कोणी? घटनास्थळी पोहोचलेल्या हवालदाराने नमुन्यातील रकाना भरला, आणि त्या रकान्यांची बेरीज दिल्लीस जाऊन 'कारण' झाली. आणि मेले कोण, हेही पाहा. त्या वर्षीच्या मृतांत शेकडा ४४ दुचाकीवरचे व शेकडा १९ हून अधिक पायी चालणारे. म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघे असे की ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्रादेखील नव्हता. मृत्यूंपैकी दोनतृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागांतील. भरधाव गाडीचा धनी आणि मरणारा हे पुष्कळदा एकच नसतात.

कायद्यात याला उपाय नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम घातले गेले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ज्यांजकडे आहे त्या अधिकाऱ्याने, ठेकेदाराने किंवा सल्लागाराने ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर त्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड तोकडा आहे, आणि तो मृताच्या कुटुंबास न मिळता सरकारी अपघात निधीत जातो, हेही आम्ही लपवीत नाही. पण त्याच कलमात न्यायालयाने काय पाहावे हे सांगताना एक बाब अशी आहे की तिजवर आमच्या गावकऱ्यांनी बोट ठेवावे: रस्त्याची स्थिती धोक्याची आहे हे त्या अधिकाऱ्यास ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असावयास हवे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर मासिक पत्रकात आहे, जर त्यात ठिकाण असेल तर! 'गेल्या महिन्यात चार अपघात, दोन मृत्यू' एवढ्या वाक्याने कोणासही काही ठाऊक होत नाही. 'बाजार समितीच्या फाटकासमोर, सायंकाळी ७ वाजता, पायी चालणारा, मालमोटारीखाली. याच जागी तीन वर्षांतील सहावा' असे छापून निघाले, की त्या दिवसापासून 'आम्हांस कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय नगरपालिकेस, बांधकाम खात्यास व महामार्ग प्राधिकरणास उरत नाही. आकडा आज शोभेसाठी छापला जातो. ठिकाणासह छापला तर ती नोटीस होते.

कोणी म्हणेल, काळे ठिपके शोधण्याची पद्धत सरकारपाशी आहेच. आहे, पण तिची व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी केलेली आहे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू, असा तिचा हिशेब आहे. गावातील बसस्थानकाकडून शाळेकडे जाणारा रस्ता या मापात बसतच नाही. शिवाय पाच घरे उजाड होईपर्यंत वाट पाहावयाची, हे गावाच्या दृष्टीने फार महाग माप आहे. ज्या चौकात दुचाकीस्वार रोज पडतात, गुडघे फुटतात आणि फिर्याद होत नाही, तो चौक पुढील मृत्यूची जागा आधीच सांगत असतो.

आणखी एक आक्षेप असा की आमच्या लोकांस शिस्तच नाही. रस्ते सोन्याचे केले तरी ते मरणारच. या आक्षेपात तथ्यांश आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. २०२२ साली शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ जण मेले. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकी देऊन तिकडे कौतुकाने पाहणारे बाप आमच्याच आळीत आहेत. अशा बापास १९९-अ कलमाप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे त्यास ठाऊक नसेल, तर आज ठाऊक व्हावे. मात्र 'हे लोकच नालायक' हा सूर आम्हांस ओळखीचा वाटतो. परकी सत्ता होती तेव्हा हिंदी लोक आपला कारभार पाहावयास लायक नाहीत असे ऐकविले जाई, आणि तेवढे म्हटले की राज्यकर्त्यांची सारी जबाबदारी संपे. आज कारभार आपला, कर आपला, ठेकेदार आपलाच. तरी युक्तिवाद तोच चालवावयाचा काय? मनुष्य चुकतो हे गृहीत धरून रस्ता बांधावयाचा असतो. चुकीबद्दल दंड व्हावा, परंतु दिवा नसल्यामुळे तिची शिक्षा मृत्युदंड होऊ नये.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. अपघाताची जागा मोबाइलवरून नकाशासह नोंदविण्याची केंद्र सरकारची पद्धत २०२१ पासून सुरू झालेली आहे. तेव्हा ठिकाण पोलिसांच्या हाती आहे, पत्रकात तेवढे येत नाही. नगरपालिकेने एक ठराव करावा, आणि दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत हा तक्ता पालिकेच्या दाराशी व बसस्थानकावर लावावा: ठिकाण, तास, मेलेला पायी होता की दुचाकीवर, त्याच जागेची तीन वर्षांची बेरीज, आणि त्या जागेचा रस्ता कोणत्या खात्याचा. शेवटचा रकाना सर्वांत आवश्यक, कारण आमच्या गावांत एकाच चौकाचे तीन मालक असतात आणि अपघातानंतर एकही नसतो. मृताचे नाव त्यात मुळीच नको. त्याच्या घरच्यांस तेवढा त्रास पुरे झालेला असतो. हाच तक्ता जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे जावा, आणि समितीने प्रत्येक जागेपुढे काय केले व कोणत्या तारखेस केले हे लिहून तो परत पाठवावा.

पालिकेचा ठराव होईपर्यंत हे काम आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे करणार आहो. ज्या वाचकांच्या डोळ्यांदेखत अपघात झाला असेल त्यांनी जागा, वार, वेळ व रस्त्याची स्थिती एवढेच कळवावे. ठाण्यातील नोंदीशी पडताळून आम्ही ते दर महिन्यास याच जागी छापू, आणि ज्या खात्याचा रस्ता असेल त्याच्या कचेरीस तो अंक पोचपावतीने पाठवू.