पाटी कुठलीही, प्रश्न मिश्रणाचा

पुण्याच्या पौड रस्त्यावरच्या पंपावर कुठल्या कंपनीची पाटी आहे, याने इंजिनाच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. पेट्रोलचे मानक सर्वांना सारखेच. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलने, म्हणजे ‘ई-२०’ने.

तिथल्याच कोथरूडच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने इंडियन ऑइल व वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’सह २०१४-१५ मध्ये याचा अभ्यास केला होता. धातूला धोका दिसला नाही. रबरी भाग मात्र साध्या पेट्रोलपेक्षा ई-२० मध्ये कमी टिकले. म्हणूनच जुन्या स्कूटरची पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वॉशर वेळच्या वेळी तपासून बदलायला हवेत. इथेनॉल ओलावाही शोषते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीला तो बाधतो.

ई-१० वर (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या जुन्या मोटारींची इंधनक्षमता ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घटेल, असा नीती आयोगाचा २०२१ चा अंदाज होता. ई-२० स्वस्त मिळावे, असेही त्याच अहवालात होते. ती सवलत ग्राहकाच्या पावतीवर उतरलीच नाही, आणि हा अन्याय आहे.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तरीही २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी ई-१० चा पर्याय ठेवणे सरकारच्या हाती आहे. तो द्यावा आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे.