सिस्टरच्या वहीतलं नाव चावडीवर नको



यवतमाळला खेटून असलेलं लोहारा घ्या, नाहीतर झरी-मारेगावकडचं एखादं कोलामांचं पोड घ्या. नर्सिंग शिकणाऱ्या पोरी हातात वही घेऊन दारी येतात. घरात माणसं किती, गरोदर कोण, लेकरांच्या लसी झाल्या का, असं विचारतात. आपण म्हणतो, शिकाऊ आहेत, यांना काय कळतं? पण या पोरींना सगळ्यात अवघड धडा आपल्याच घरात शिकावा लागतो. एचआयव्ही असलेल्या आईचं घर सांभाळायचं कसं, हा तो धडा. तो त्यांना नीट शिकता येतो की नाही, हे पुष्कळसं आपल्या हातात आहे.

आधी रोगाचं बोलू. १९८६ साली आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढं बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात त्यावर नेमानं औषध नव्हतं. माणूस खंगत जायचा आणि घरचे पाहत राहायचे. त्या काळातली भीती समजू शकते. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला ही औषधं जन्मभरासाठी सुरू करायचं धोरण आलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. म्हणजे औषध दूर नाही.

त्याचा फायदा किती, तो आकड्यात पहा. काहीच उपचार नसला तर अशा शंभर आयांमागे १५ ते ४५ लेकरांना लागण होते. आईनं औषध नेमानं घेतलं, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला पहिले काही आठवडे औषध पाजलं, तर हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येतं. औषध चालू असलेली आई डॉक्टरच्या सल्ल्यानं अंगावरही पाजू शकते. बाळाची पहिली तपासणी दीड महिन्याचं झालं की होते, आणि दीड वर्षाचं झाल्यावर शेवटचा निकाल लागतो.

मग अडतं कुठं? अडतं ते घर ते दवाखाना या वाटेवर. बाई गरोदर राहिली की इतर तपासण्यांबरोबर तिच्या संमतीनं एचआयव्हीचीही तपासणी होते. त्यामुळे पुष्कळ घरांत हा रोग पहिल्यांदा कळतो तो बाईच्या रक्तातून. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. मग सासर म्हणतं, हिनंच आणला. बंधूंनो, आधी कळलं म्हणजे आधी झालं, असं होत नाही. विहिरीचं पाणी खारं असलं अन् ते वावरात आल्यावर कळलं, तर दोष काय वावराला द्यायचा?

एकदा बोट दाखवलं की बाई गोळ्या लपवून ठेवते. शेजारीण विचारेल म्हणून दवाखान्याची तारीख चुकवते. गोळी चुकत गेली की विषाणू औषधाला सरावतो. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला कशी सरावली, हे २०१७ साली आपण सगळ्यांनी भोगलं आहे. तेच इथं अंगात होतं. उलट, औषध नेमानं चालून विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका विहिरीवर पाणी भरल्यानं तर ती कधीच होत नव्हती.

म्हणून शिकाऊ सिस्टरला पहिली गोष्ट शिकावी लागते ती तोंड बंद ठेवायची. ती कोणाच्या घरी दोनदा गेली, कोणाला बाजूला घेऊन बोलली, हे तिला खोदून विचारू नका. तिनं सांगितलं नाही तर ती आखडू आहे असं समजू नका. ती आपलं काम चोख करते आहे.

आता सरपंच, ग्रामसेवक, तलाठी साहेबांसाठी चार शब्द. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कामावर, शाळेत, दवाखान्यात भेदभाव चालत नाही. बाईला आणि लहान मुलांना राहत्या घरातून हाकलता येत नाही. संजय गांधी निराधार योजनेत अशा रुग्णांना अनुदान आहे, बालसंगोपन योजनेत त्यांच्या लेकरांना मदत आहे. पण अर्जाच्या वेळी चार लोकांत ‘काय रोग आहे बाई तुला?’ असं कोणी विचारलं, तर ती बाई पुन्हा त्या पायरीवर चढत नाही. अनुदान कागदावर राहतं. अर्ज एकट्यानं घ्या, कारण मोठ्यानं वाचू नका.

पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’ संस्था एचआयव्ही असलेली निराधार लेकरं सांभाळते. त्यांचं काम थोर आहे, त्यांना हात जोडावेत. पण आपल्या गावचं लेकरू तिथं पाठवायची पाळीच का यावी? आई औषधावर टिकली तर लेकरू तिच्याच मांडीवर वाढतं.

तेव्हा पुढच्या वेळी त्या पोरी दारी आल्या की बसायला खाट टाका, पाणी द्या. सुनेशी एकटीनं बोलायचं म्हणाल्या तर सासूबाईंनी थोडा वेळ अंगणात जावं. आणि सून तपासणीला गेली की पोरालाही सोबत धाडा, त्याचंही रक्त तपासू द्या. काही शंका असेल तर १०९७ हा फुकट फोन आहे, नाव न सांगता विचारता येतं. गावानं एवढं केलं, तर त्या पोरी चांगल्या सिस्टर होतील आणि एखाद्या घरची आई वाचेल.