विद्यार्थी सवलत नेमकी कोणत्या विद्यार्थ्यांसाठी?

जून उजाडला की कॉम्प्युटर कंपन्यांच्या 'विद्यार्थी सवलती' सुरू होतात. सवलतीसाठी कॉलेजचा ईमेल पत्ता मागतात, ऑनलाइन पडताळणी करतात, वरची सूट ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर असते. किनवट, मुखेड, औसा, निलंग्याहून नांदेड-लातूरला शिकायला आलेल्या आमच्या पोराचा बाप ऊसतोडीला जातो. त्याच्या घरात क्रेडिट कार्ड कुठून येणार? अनेक कॉलेजांत तर ईमेल पत्ताच देत नाहीत. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून खात्यात पडेपर्यंत सवलतीचा हंगाम उलटून गेलेला असतो.

मग शासन काय देते? स्वाधार योजनेत भोजन, निवास, निर्वाह यांखेरीज शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला वैद्यकीय-अभियांत्रिकीला 5,000 रुपये, इतर शाखांना 2,000. आता हिशोब करा. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. दुकानात 40,000 मोजले की त्यातले सहा हजारांहून जास्त कराचेच. अभियांत्रिकीच्या मुलाला एका हाताने पाच हजार द्यायचे आणि दुसऱ्या हाताने सहा घ्यायचे, याला आम्ही सामाजिक न्याय म्हणत नाही.

उरतो हप्ता. 'झिरो कॉस्ट' म्हणत फाईल चार्ज लावतात आणि त्यातच एक्स्टेंडेड वॉरंटी घुसडतात. पोरगं सही करतं, कागद वाचत नाही. (वाचणार तरी कसे, सगळा बारीक इंग्रजीत!) पैसे देण्याआधी विचारा: ही वॉरंटी कंपनीची की तिसऱ्याच कुणाची? बहुधा ती कंपनीचे पहिले वर्ष संपल्यावर सुरू होते. स्क्रीन फुटली, चहा सांडला, तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. दुरुस्तीला माणूस खोलीवर येणार, की मशीन घेऊन आपणच हैदराबाद-संभाजीनगर गाठायचे? एसटीचे भाडे आणि बुडालेले तास वॉरंटीत धरत नाहीत. वॉरंटीची पावती वेगळी मागा. नको असेल तर नाही म्हणा. कर्जासाठी ती सक्तीची असल्याचे सांगितले तर तसे लिहून मागा.

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. 1915 वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा समाजाकडे कुठे पैसा होता? आमच्या जयंती मंडळांकडे आज डीजेला पैसा आहे. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वस्तीच्या अभ्यासिकेत दोन लॅपटॉप येतात. दहा मुलांनी मिळून एकाच दुकानातून कोटेशन घेतले, तर ईमेल पत्त्याशिवायही भाव खाली येतो. वॉरंटीच्या अटी मंडळातल्या जाणत्याने आधी वाचून सांगाव्यात.

आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन देताना दोनच मागण्या ठेवा: स्वाधारमधली साहित्याची रक्कम लॅपटॉपच्या किमतीशी जोडा, आणि ती प्रवेशाच्या महिन्यातच द्या.