२४ मोजून झाले, आता २३२ मोजा

४ जून २०२४ च्या रात्री तुमच्याही फोनवर ती यादी आली असेल. लोकसभेत निवडून आलेल्या मुस्लिम खासदारांची नावं, मतदारसंघ, शेवटी एकूण आकडा: २४. खाली कुणी ‘माशाअल्लाह’ लिहिलं, कुणी रडका चेहरा टाकला. कुणीतरी हिशेब केला की २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण देशात १४.२ टक्के, म्हणजे ५४३ पैकी ७७ हवे होते. दुसऱ्या दिवशी यादी खाली सरकली आणि आपलं राजकारण पुढच्या पाच वर्षांसाठी संपलं.

माझं भांडण या यादीशी नाही, यादीनंतरच्या शांततेशी आहे.

आधी इतिहास. लोकसभेत सर्वाधिक मुस्लिम खासदार निवडून आले ते १९८० साली, ४९. आपले वडीलधारे तो काळ सोन्याचा असल्यासारखा सांगतात. त्याच सातव्या लोकसभेच्या मुदतीत काय घडलं? ऑगस्ट १९८० मध्ये मुरादाबाद. फेब्रुवारी १९८३ मध्ये आसामातलं नेल्ली. मे १९८४ मध्ये आपली भिवंडी. काँग्रेसचे ३५३ खासदार होते. ज्या सरकारला कुणाच्याच पाठिंब्याची गरज नाही, त्याच्या बाकावर बसलेल्या मुस्लिम खासदाराची नाराजी सरकारला महागात पडत नव्हती. ४९ जण होते, पण अडवू शकत नव्हते.

आता दुसरं टोक पाहा. १७ एप्रिल १९९९, बारावी लोकसभा. वाजपेयी सरकारचा विश्वासठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूने होती; पण त्याच पक्षाच्या सैफुद्दीन सोझ यांनी विरोधात मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. एक खासदार, एक मत, आणि १३ महिन्यांचं सरकार गेलं. सोझ बरोबर होते की चूक, यावर वाद घाला. मुद्दा एवढाच की खासदाराचं वजन त्याच्या नावावरून ठरत नाही. सभागृहाची मांडणी कशी आहे आणि तो कुठे उभा आहे, यावरून ठरतं.

या नजरेने अठराव्या लोकसभेकडे पाहा. भाजप २४०, म्हणजे एकट्याचं बहुमत नाही. एनडीए मिळून २९३, त्यांत तेलुगू देसम १६ आणि जनता दल (युनायटेड) १२. या २९३ मध्ये निवडून आलेला मुस्लिम खासदार एकही नाही आणि मंत्रिमंडळातही कुणी नाही. पण सरकार मित्रपक्षांवर उभं आहे, म्हणजे १९८० पेक्षा दाब देण्याची जागा जास्त आहे. ती वापरली गेली का?

वक्फ दुरुस्ती विधेयक घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ते मांडलं गेलं आणि ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. आपण काय केलं? क्यूआर कोड फिरवले, मशिदीच्या दारात पोस्टर लावले, ईमेल पाठवले. मीही पाठवला. समितीकडे लाखोंनी सूचना गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये समितीने विरोधकांच्या सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या आणि १५ विरुद्ध ११ मतांनी अहवाल स्वीकारला. एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर लोकसभेत मतदान झालं: बाजूने २८८, विरोधात २३२. तेलुगू देसम आणि जनता दल दोघेही बाजूने. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली, पूर्ण कायद्याला नाही.

तो २३२ चा आकडा पुन्हा वाचा. आपले निवडून आले होते २४, विरोधात मतं २३२. दोनशेहून अधिक बिगरमुस्लिम खासदार आपल्या बाजूने मत द्यायला रात्री जागे होते. त्यांत उद्धव ठाकरे यांची शिवसेनाही होती, जिचं नाव १९९२-९३ च्या मुंबईत आपल्या घरांत कसं घेतलं जात होतं ते मी सांगायला नको. ‘आपलं कुणीच नाही’ हे रडगाणं त्या रात्री खोटं ठरलं. आणि ‘आपला माणूस आत गेला की सगळं होईल’ हे तर त्याआधीच खोटं ठरलं होतं.

आता महाराष्ट्र. राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत. २०२४ मध्ये महाविकास आघाडीने ४८ पैकी किती जागांवर मुस्लिम उमेदवार दिला? शून्य. नसीम खान यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, दोन दिवस बातमी झाली. अंतुले २००४ मध्ये निवडून आल्यानंतर राज्यातून लोकसभेत गेलेला एकच मुस्लिम: २०१९ मध्ये औरंगाबादचे इम्तियाज जलील. २०२४ मध्ये तेही पडले. हा शून्य अपमान आहे, तो तसाच म्हणावा. ‘उमेदवार दिला तर मतांचं ध्रुवीकरण होईल’ म्हणणाऱ्यांना विचारावं, मग आमची मतं घेताना ध्रुवीकरणाची भीती कुठे जाते?

कारण मतं आपण दिली आणि भरभरून दिली. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. एकट्या मालेगाव मध्यची त्यांची आघाडी सुमारे १ लाख ९४ हजारांची होती; म्हणजे उरलेल्या पाच विधानसभा क्षेत्रांची बेरीज भाजपच्या बाजूने होती. ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी जिंकले. मानखुर्द-शिवाजीनगरची आघाडी त्याहून कितीतरी मोठी. आघाडीचे राज्यात ३० खासदार आले. त्यांतल्या अनेकांच्या खुर्चीचा एक पाय आपल्या मोहल्ल्यात आहे.

मग प्रश्न तुम्हाला. वक्फच्या रात्री या ३० पैकी कोण हजर होतं, कोण नव्हतं? तुमच्या खासदाराने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले? त्यांतला एक तरी यंत्रमाग, शिष्यवृत्ती किंवा तुमच्या वस्तीच्या पाण्याबद्दल होता का? मी हे आमच्या मित्रांच्या ग्रुपवर विचारलं. सगळे शिकलेले, अर्धे माझ्यासारखे इंजिनीअर. एकालाही सांगता आलं नाही. मलाही शोधावं लागलं.

प्रश्नाची ताकद कमी समजू नका. पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद होत असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने सांगितलं ते लोकसभेतल्या लेखी उत्तरात. प्रश्न विचारला होता केरळमधल्या त्रिशूरचे खासदार टी. एन. प्रतापन यांनी. आपल्या राज्यातल्या मुलामुलींची फेलोशिप जात होती, आणि आपण आपल्या खासदाराला फोनसुद्धा केला नव्हता.

दोन गटांना माझं म्हणणं पटणार नाही. पहिला म्हणतो, आपला पक्ष, आपला झेंडा. भावना समजते, पण ४८ पैकी कुठल्याही मतदारसंघात फक्त आपल्या मतांवर जिंकता येत नाही, आणि सभागृहात एकटा सदस्य भाषण देतो, कायदा अडवत नाही. दुसरा म्हणतो, सध्या गप्प राहा, मागण्या केल्या तर ‘ते’ येतील. हे ऐकत माझ्या पिढीचं तारुण्य गेलं. गप्प राहून शून्य उमेदवार मिळाले. आणखी किती गप्प राहायचं?

आणि मोजायचंच असेल तर हेही मोजा: २४ मुस्लिम खासदारांत स्त्रिया दोन, कैरानाच्या इक्रा हसन आणि उलुबेरियाच्या साजदा अहमद. पक्षांकडे हिस्सा मागताना आपल्या मोहल्ला कमिटीत किती बहिणी बसतात, हेही सांगायची तयारी ठेवा. घरात न दिलेला हक्क बाहेर मागताना आवाज कापतो.

करायचं काय? संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचे प्रश्न आणि हजेरी मिळते. विभागणीने मतदान झालं की कुणी कुठे मत दिलं ते कामकाजाच्या वृत्तांतात छापलं जातं. प्रत्येक अधिवेशनानंतर एका पानाचा हिशेब मराठीत काढा, मोहल्ल्यात वाटा, एक प्रत खासदाराच्या कार्यालयात द्या. अधिवेशनाआधी तीन प्रश्न लिहून द्या, आणि त्यांत एक तरी असा असू द्या जो शेजारच्या दलित वस्तीचाही आहे. मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा आयोग मसुदा जाहीर करतो आणि हरकती मागवतो; मुस्लिम वस्ती मोठी असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होतात, हा मुद्दा सच्चर समितीने २००६ मध्येच मांडला आहे. त्या सुनावणीला नकाशे आणि आकडे घेऊन जाणारी मुलंमुली आजपासून तयार करावी लागतील.

पुढच्या निकालाच्या रात्री ती यादी पुन्हा येईल. खुशाल पाठवा. पण त्याच रात्री तुमच्या मतदारसंघात जिंकलेल्याचं नाव, मग ते कुठल्याही धर्माचं असो, एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हिशेब तिथून सुरू होतो.