ग्रंथपालाला काम काय असते?

"मोठेपणी तुम्ही कोण होणार?" हा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात विचारतो. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक अशी ठरलेली उत्तरे येतात. एका वर्षी मात्र एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला ग्रंथपाल व्हायचे आहे." मला आनंद झाला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "त्यांना काही काम नसते. पंख्याखाली बसायचे आणि पुस्तकावर शिक्का मारायचा." सारा वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो, कारण माझे मत त्याच्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

ते मत बदलले ते एका योगायोगाने. एप्रिल महिना होता. घरात रंगकाम चालू असल्यामुळे उत्तरपत्रिका तपासायला मला जागा नव्हती. मी गठ्ठा उचलला आणि आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. हे वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८ असे दोन वेळा उघडते. तेथे एकच कर्मचारी आहेत. सगळे त्यांना 'काका' म्हणतात. आपली मुले 'चाचा' म्हणतात.

काका साडेसातलाच आले होते. झाडू त्यांनीच मारला. मग वर्तमानपत्रे लाकडी दांड्यांना लावली. पायरीवर चार-पाच वृद्ध गृहस्थ वाट पाहत होते. कोणाला कोणते वर्तमानपत्र आधी लागते, हे काकांना तोंडपाठ होते. आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले येऊन बसली. एका मुलाने पुस्तकाचे फाटलेले पान लपवून परत दिले. काकांनी ते पाहिले, पण सर्वांदेखत काही बोलले नाहीत. तो निघाला तेव्हा दारापाशी हळूच म्हणाले, "पान जपून ठेवले असशील तर उद्या आण. चिकटवून टाकू." पान दुसऱ्या दिवशी आले की नाही, ते मला ठाऊक नाही.

नंतर एक बाई आल्या. त्यांना एक कादंबरी हवी होती, पण नाव आठवत नव्हते आणि लेखकही आठवत नव्हता. "निळ्या कव्हरची होती. त्यात एका शिक्षिकेची बदली कोकणात होते," एवढेच त्या सांगू शकल्या. काका दोन मिनिटांत पुस्तक घेऊन आले. हल्ली लोक म्हणतात की मोबाईल हातात असताना ग्रंथपाल हवा कशाला? मला हे म्हणणे पटत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ज्याला सांगता येते त्याला मोबाईल उपयोगी पडतो. ज्याला सांगता येत नाही त्याने कोणाकडे जावे?

अकरा वाजता दार बंद झाले. माझे पेपर उरले होते, म्हणून काकांनी मला आतच बसू दिले. मला वाटले, आता काका घरी जाऊन झोपतील. पण खरे काम तर आता सुरू झाले. त्यांनी खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, हे मला त्या दिवशी कळले. सुट्या झालेल्या तीन पुस्तकांची बांधणी झाली. मग ते एकेका कपाटापुढे उभे राहून पुस्तकांचे क्रमांक वाचू लागले. वाचक पुस्तक काढून पाहतात आणि दुसरीकडेच खोचून ठेवतात. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक चोरीला गेल्यासारखेच असते. ते वाचनालयात असूनही मिळत नाही.

हे क्रमांक अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीचे आहेत. त्यांनी ही पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत साहित्याला ८०० हा आकडा आहे. मराठी साहित्य ८९१.४६ वर येते आणि उर्दू साहित्य ८९१.४३९ वर. मध्ये बंगाली, असमिया, ओडिया अशा थोड्याच भाषा आहेत. आमच्या वाचनालयात त्या भाषांची पुस्तके नाहीत. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने आमच्याकडे मराठी आणि उर्दू अगदी शेजारी-शेजारी राहतात!

"मग उर्दूची पुस्तके कुठे आहेत?" मी विचारले. माझ्या आवाजात थोडी तक्रार होती. या वाचनालयात उर्दू पुस्तके नाहीत, असे मी आठ वर्षे सर्वांना सांगत आलो होतो.

काकांनी कोपऱ्यातल्या कपाटाचे कुलूप काढले. आत साठ-सत्तर उर्दू पुस्तके होती. गावातल्या एका वकीलसाहेबांच्या मुलांनी ती भेट दिली होती. काकांनी दाखल रजिस्टर उघडून दाखवले. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिलेला होता, पण नावाच्या रकान्यात काय लिहिले होते? "उर्दू पुस्तक, हिरवे कव्हर." "उर्दू पुस्तक, जाड." "उर्दू पुस्तक, चित्रे आहेत." परतीच्या तारखांची चिठ्ठी त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर चिकटवली होती. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. त्यामुळे ती चिठ्ठी बरोबर पहिल्या पानावर, पुस्तकाच्या नावावरच बसली होती.

"सर, मला वाचता येत नाही," काका म्हणाले. "नाव कळल्याशिवाय कार्ड कसे करू? आणि कार्ड नसलेले पुस्तक वाचकाला देऊ कसे? कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत होतो."

मित्रांनो, मी त्या कपाटावरून आठ वर्षे ये-जा करत होतो. मला दोन्ही लिप्या येतात. काकांचे काम अडले होते ते माझ्यासारख्या माणसावाचून, आणि तक्रार मात्र मीच करत होतो.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. एस. आर. रंगनाथन (१८९२–१९७२) हे आधी मद्रासमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण त्या सुन्या खोलीत ते इतके कंटाळले, की "मला पुन्हा शिकवायला पाठवा" असा त्यांनी आग्रह धरला. पुढे लंडनला जाऊन त्यांनी तेथील ग्रंथालये पाहिली, आणि मग ते आयुष्यभर ग्रंथालयांच्याच कामात रमले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके साठवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, असे त्यांचे पहिलेच सांगणे होते. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असेही ते म्हणत. त्यांची जयंती १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात. माझे मत विचाराल तर, एक भाषण कमी करावे आणि मुलांना कपाटापाशी न्यावे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि त्यानुसार अनुदान मिळते. लहान गावातल्या ग्रंथालयाचे अनुदान तुटपुंजे, म्हणून काकांसारख्यांचा पगारही तुटपुंजा. पुस्तके मोजली जातात, पण दुपारचे बंद दारामागचे काम कोणी मोजत नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी नववीची सहा मुले-मुली माझ्याबरोबर वाचनालयात येऊ लागली. उर्दू नाव वाचायचे आणि देवनागरीत कार्डावर लिहायचे. हे काम सोपे नाही. मौलवी नझीर अहमद यांच्या 'मिरातुल उरूस' या १८६९ च्या कादंबरीपाशी मोठा वाद झाला. उर्दूत जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार वेगळी अक्षरे. मराठीत लिहिताना 'नजीर' लिहावे की 'नझीर'? कोणीच ऐकेना. शेवटी काका म्हणाले, "वाचक कसा शोधेल ते बघा." मग त्यांनी दोन कार्डे करायला लावली. 'नजीर' या कार्डावर 'नझीर पाहा' असे लिहिले. तारीख, कागद, दप्तर, कुलूप हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, हे कळल्यावर काकांनाही गंमत वाटली.

आतापर्यंत एकेचाळीस कार्डे झाली आहेत. 'मिरातुल उरूस' सर्वांत आधी बाहेर गेले. वर्गातल्या एका मुलीने ते आपल्या आजीसाठी नेले. जुनी चिठ्ठी ओल्या कापडाने काढून काकांनी नवी चिठ्ठी दुसऱ्या टोकाला चिकटवली होती. शिक्का मारण्यापूर्वी त्यांनी पुस्तक दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि तिला विचारले, "बेटा, शेवटचे पान हेच ना?"